चुकवलेली पहिली फेरी

नगर जिल्ह्यात आमचं होड्या बांधणाऱ्यांचं घर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. त्याची चूक नाही. पाण्याचे टँकर आणि जनावरांच्या छावण्या यांनी ओळखला जाणारा हा जिल्हा, इथे होडी कशाला लागते? पण नेवासे तालुक्यात प्रवरेच्या काठाने एकदा फिरून पाहा. खाली गोदावरीवर धरण झालं, त्याचं पाणी फुगून प्रवरेतून वर सरकलं आणि आमच्या शिवारात येऊन बसलं. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. घर या काठाला आणि शेत त्या काठाला, अशी कितीतरी माणसं इथे आहेत. पूल होईपर्यंत रस्त्याने वळसा घालून जायचं तर त्यांचा अर्धा दिवस जायचा. होडीने एक विडी संपेपर्यंत पलीकडे पोचायची.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, 'धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीला लोकांना हसायला आवडतं.' गमती आहेत, त्या आधी लिहितो. पुढचं जे आहे त्यात हसण्यासारखं काही नाही. ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं.

आम्ही जातीचे सुतार. लाकडाची होडी बांधताना सगळ्यात अवघड काम म्हणजे वाकडं लाकूड शोधणं. सरळ लाकूड कुणीही आणून देतो. होडीच्या पोटातल्या बरगड्यांना मात्र जन्मतःच वाकलेली बाभळीची फांदी लागते. कापून वाकवलेल्या लाकडाला जोर नसतो. माझे वडील लग्नाला गेले तरी मांडवात बसायचे नाहीत, बांधावरच्या बाभळी बघत हिंडायचे. माझ्या बहिणीसाठी स्थळ बघायला काष्टीला गेलो होतो, तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, 'मुलगा कसा वाटला?' वडील म्हणाले, 'मुलगा बरा हाय, पर तुमच्या मळ्यातली ती दुसरी बाभळ लई झ्याक हाय.' लग्न जमलं. बाभळही मिळाली.

बरगड्यांवर फळ्या ठोकायच्या, फटीत तेलात भिजवलेलं सूत ठासायचं, वरून डांबर. मग नवी कोरी होडी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पण लाकूड पाणी पिऊन फुगलं की फळ्या एकमेकींना घट्ट धरतात आणि होडी गळायची थांबते. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं आणि आपली होडी तळाशी पडलेली दिसली की तंडायला उठायचं. त्याला चहा पाजून शांत करणं हा कामाचाच भाग होता.

होडी वर काढली, वाळली, की पहिली फेरी. ही आमच्या घरची रीत आहे आणि या लिखाणात तिला महत्त्व आहे, म्हणून नीट सांगतो. होडी मालकाच्या हाती देण्याआधी ती बांधणाऱ्याने आपल्या घरच्यांना घेऊन पलीकडच्या काठापर्यंत जायचं आणि परत यायचं. घरधनीण नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बसणार, पोरंबाळं मध्ये आणि बांधणारा मागे वल्ह्यावर. मधोमध गेल्यावर बांधणाऱ्याने उभं राहून होडी दोन्ही बाजूंना हलवायची. कोणी ओरडलं तरी थांबायचं नाही. परत आल्यावर होडी मालकाची. ज्या होडीत आपली बायकापोरं बसवता येत नाहीत ती दुसऱ्याला द्यायची नाही, इतका साधा हिशेब.

सोनईकडचा एक शेतकरी आला. त्याला दोन म्हशी पलीकडे न्यायची होडी हवी होती. होडी तयार झाल्यावर तो म्हशी घेऊनच हजर. म्हणाला, 'माज्या म्हशी बसतील तीच पैली फेरी.' वडील म्हणाले, 'आधी माझी बायको बसंल, मंग तुमच्या म्हशी.' तो म्हणाला, 'बरं, तुमचा नंबर आधी.' आई तशीच होडीतून उतरली आणि घरी निघून गेली. दोन दिवस वडिलांच्या ताटात मीठ नव्हतं.

दुसऱ्या एकाने ऐन दुष्काळात होडी मागितली. फुगवटा आटून चिखल झालेला. मी म्हटलं, 'पाणी कुठंय?' तो म्हणाला, 'पानी आलं की समदे होड्या मागत्याल, तवा तुमी भाव खाणार. म्हनून आताच करून द्या.' पाऊस तीन वर्षं रुसला. तेवढा काळ त्याने होडीत कडबा भरून ठेवला. एक शेळी तिथेच व्याली. पाणी आलं तेव्हा होडी सुकून तिच्या फळ्यांतून ऊन दिसत होतं. मी ती पुन्हा सूत ठासून दिली आणि पहिली फेरी दुसऱ्यांदा मारली.

आता ही रीत कुठून आली ते. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात कालव्याच्या कामावर होते. कालवा खणून पुढे न्यायचा तर दगड आणि चुना वाहायला पडाव लागत, म्हणजे सपाट बुडाच्या रुंद नावा. ते पडाव पणजोबा बांधायचे. बायको, चार लेकरं आणि महादू नावाचा धाकटा भाऊ, असं बिऱ्हाड कालव्याच्या काठाला झोपडीत. जसा कालवा पुढे सरके तशी झोपडी पुढे. पणजोबा नाव बांधणार आणि महादू ती बांबूने रेटत नेणार, अशी वाटणी होती.

एकदा ठेकेदाराने घाई लावली. वाळलेलं लाकूड नव्हतं. पणजोबांनी नुकत्याच तोडलेल्या आंब्याच्या फळ्या ठोकल्या आणि वरून डांबर फासलं. पाणी होतं तोवर ठीक चाललं. मग कालवा महिनाभर कोरडा ठेवला आणि पडाव चैत्राच्या उन्हात उघडा पडला. ओल्या फळ्या आकसल्या, सांधे सुटले, आणि वरच्या डांबरामुळे कोणाला दिसलं नाही. पाणी सोडल्यावर त्यात दगड भरला. पडाव पहिल्या वळणावर तळाने फाटला. छातीभर पाणी होतं, त्यात कोणी बुडायचं कारण नव्हतं. पण महादू आणि दोन मजूर दगडांखाली गेले.

साहेब चौकशीला आला. ठेकेदाराने सांगितलं, महादूने पडाव काठावर आपटला. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पणजोबांनीही मान डोलावली असती तर काम टिकलं असतं, लेकरांना भाकरी मिळत राहिली असती. ते पुढे होऊन म्हणाले, 'साहेब, लाकूड वलं हुतं. मला ठावं हुतं.' त्यांना काढून टाकलं. चार लेकरं घेऊन नवरा-बायको चालत प्रवरेकाठी आले आणि नदी ओलांडायच्या उतारावर लोकांच्या नावा बांधू लागले. पहिली नाव झाली तेव्हा पणजी तान्हं पोर घेऊन तिच्यात जाऊन बसली. म्हणाली, 'इथून फुडं आमी आदी बसणार. आता बांदा काय बांदायची ती.' नवऱ्यावर भरवसा उरला नव्हता, म्हणून बसली. आम्ही पुढे त्याची रीत केली आणि अभिमानाने सांगू लागलो.

माझ्या काळात लाकूड संपलं. मी काही वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकलो आणि पत्र्याच्या होड्या बांधायला लागलो. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा. लाकडाची होडी उलटली तरी तरंगते, लोखंडाची सरळ तळाला जाते. म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकाला पत्र्याचा बंद डबा करायचा. आत नुसती हवा. होडी काठोकाठ पाण्याने भरली तरी हे दोन डबे तिला धरून ठेवतात आणि माणसाला धरायला काहीतरी राहतं. डब्याला भोक पाडायचं नाही, टाचणीएवढंसुद्धा नाही. पहिल्या फेरीवरून परत आलो की मी डब्यावर मोगरीने ठोकून कान लावायचो. आत चुळकाभर पाणी गेलेलं असलं तरी आवाज बदलतो.

माझ्या मुलाचं नाव दिगंबर. दिगू डावखुरा. तो वेल्डिंग माझ्याकडेच शिकला. वेल्डिंगच्या शिवणीवर बारीक लाटा उमटतात. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे शिवत जातो, तशा त्या लाटा लवतात. दिगूच्या उलट्या लवायच्या. बाकी त्याची शिवण माझ्यापेक्षा सरस होती. हे मी त्याला तोंडावर कधी बोललो नाही. आज लिहितोय.

मग होड्यांचं कामच आटलं. मासे धरणारे थर्माकोलचे तुकडे पोत्यात बांधून त्याचा चप्पू करायला लागले, बरे पैसेवाले फायबरची होडी तयार आणायला लागले. दिगूला बायको, दोन मुलं. वर्षभर त्याच्या हातात खिडक्यांच्या जाळ्यांशिवाय काम नव्हतं. अशा वेळी एक वाळूवाला आला. त्याला फुगवट्यातली वाळू इंजिनाच्या पंपाने उपसायला मोठी होडी हवी होती. परवाना वगैरे नाही, हे सगळ्यांनाच माहीत. त्याचं नाव मी लिहीत नाही. कोर्टाच्या कागदांतही आरोपी म्हणून ते कुठे नाही.

मी दिगूला म्हटलं, 'आपल्या होड्या माणसं पोचवायला. चोरीचा माल वाहायला नाहीत.'

तो म्हणाला, 'माणसं आता पुलावरनं जात्यात, आण्णा. मी काय करू?'

मी त्यावर काही तोडगा दिला नाही. नुसता चिडलो. माझ्याच अंगणात तो महिनाभर ती होडी बांधत होता आणि मी तिच्याकडे पाठ करून ओट्यावर बसत होतो. शेवटी शेवटी तर सकाळीच उठून पाराकडे निघून जायचो.

त्या होडीवर कामाला अंकुश नावाचा माणूस ठरला होता. पाथर्डीकडचा. दसऱ्यानंतर नवरा-बायको ऊसतोडीला जायची. कारखाना बंद झाला की मिळेल ते काम. होडी तयार होत आली तेव्हा बघायला म्हणून दोनदा आमच्याकडे आला. माठातलं पाणी पिऊन फुगवट्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग मला विचारलं, 'बाबा, हे समदं पानी गोडंच हाय का?' आमच्या पाण्याला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं. पोहता येतं का, हे मी त्याला विचारलं नाही.

होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी सकाळी दिगू ओट्यापाशी आला. उभाच राहिला.

'आण्णा, चला की. पैली फेरी मारून घेऊ.'

मी म्हटलं, 'वाळूच्या होडीत मी पाय ठेवणार नाही.'

'नका बसू. निस्तं येऊन बघा. पुढच्या डब्यापाशी एक गोष्ट दाखवायची हाय तुमाला. माझ्या मनाला ती पटंना.'

'मनाला पटत नाही तर बांधलीस कशाला?' मी म्हणालो.

माझी बायको शकुंतला दारात उभी होती. ती म्हणाली, 'तुमी जात नसाल तर ऱ्हावा. मी बसते त्याच्यासंगं.' तिने पदर खोचलासुद्धा. मी तिला आवाज चढवून सांगितलं, या घरातलं कोणीही त्या होडीत बसणार नाही. ती थांबली. चाळीस-एक वर्षांच्या संसारात मी तिच्यावर फार वेळा ओरडलो नव्हतो, म्हणून थांबली.

दिगू मग गेला. दुपारी वाळूवाल्याचा ट्रॅक्टर होडी घेऊन गेला. पहिली फेरी न मारता आमच्या अंगणातून गेलेली ती एकच होडी.

ती गोष्ट काय होती ते मला नंतर कळलं. वाळूवाल्याने इंजिन पुढच्या डब्यावर बसवायला लावलं होतं, मध्ये वाळूला जागा जास्त मिळावी म्हणून. इंजिन धरायला डब्याच्या पत्र्यातून आरपार चार बोल्ट. दिगूने खाली रबराचे वायसर घातले होते. तो नको म्हणत होता, वाळूवाला ऐकत नव्हता. दिगूला माझा आधार हवा होता. घरच्या म्हाताऱ्याने नाही म्हटलं, असं सांगून त्याला तो बोल्ट अडवता आला असता. मी नुसता अंगणात उतरून आलो असतो तरी मला ते चार बोल्ट दहा पावलांवरून दिसले असते. इंजिन दिवसभर थरथरतं, बोल्ट ढिले होतात, रबर कापलं जातं. माझ्या धंद्यातल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही.

होडी दोन महिने चालली. डब्यात रोज थोडं थोडं पाणी जात राहिलं असणार. एके दिवशी सकाळी वाळूने भरलेल्या होडीचं नाक खाली गेलं आणि ती तशीच तळाला गेली. होडीवर तिघं होते. दोघं पोहून काठाला लागले. अंकुश पुढे पाइपापाशी होता. त्याला धरायला काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राने होडी ओढून काठावर काढली. पोलीस होते, महसूलचे लोक होते. होडीवर ना नाव, ना नंबर. वाळूवाला गायब. बाकीचे दोघं मजूर म्हणाले, आम्हाला काही ठाऊक नाही. गावच्या पोलीस पाटलाने सांगितलं, होड्यांतलं कळणारा एक म्हातारा आहे. मला बोलावणं आलं. घरातून निघालो तेव्हा दिगू माझ्याच ओट्यावर बसलेला होता.  

अंकुशची बायको काठावर बसली होती, तिच्यासोबत तिच्या गावच्या दोन बायका. ती रडत नव्हती. मी शेजारून जाताना तिने मला विचारलं, कारण मी वयस्कर दिसलो असेन, 'त्याला पवता येत न्हवतं. हे कुनी इचारलं न्हाई व्हय कामावर घेताना?' मी मान खाली घालून पुढे गेलो.

फौजदार तरुण होता, बोलायला चांगला. म्हणाला, 'बाबा, ही कोणी बांधली हे सांगता येईल?'

मी होडीभोवती फिरलो. फिरायची गरज नव्हती. शिवणीवरच्या लाटा उलट्या होत्या. मग पुढच्या डब्यापाशी गेलो आणि ते चार बोल्ट पाहिले. एक तर पार निघून पडलेला होता, त्या भोकातून अजून पाणी ठिबकत होतं. मला सगळं कळलं. दिगू मला काय दाखवायला बोलावत होता, तेही तिथेच कळलं.

मी म्हणालो, 'माझ्या मुलाचं काम आहे.'

लोक माझ्याकडे बघायला लागले. मला खोटं लिहायचं नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. मला पणजोबा आठवले. साहेबापुढे उभे राहून खरं बोलणारे. वाटलं, आपणही त्याच घरचे. पोटच्या पोराचं नाव घेतलं पण खोटं बोललो नाही. काठावरच्या दोघा-तिघांनी नंतर माझं कौतुकही केलं. पणजोबांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं आणि मी दुसऱ्याचं, हा फरक माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी दिगूला चौकीत बसवलं. मलाही सहीसाठी बोलावलं. दिगूने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, 'मला त्या डब्याची शंका हुती. मी आण्णांना बगायला बोलावलं हुतं.'

फौजदाराने माझ्याकडे बघून विचारलं, 'बोलावलं होतं?'

मी म्हणालो, 'ती होडी आज काठावर काढली तेव्हाच मी पहिल्यांदा पाहिली.'

हे अक्षरशः खरं आहे. मी तिच्याकडे पाठ करूनच बसत होतो. फौजदाराने विचारलेल्या गोष्टीचं हे उत्तर नव्हतं, पण त्याने तेच लिहून घेतलं. वडिलांना होडीबद्दल काही माहिती नव्हती, असा त्याचा अर्थ झाला. आणि मुलगा स्वतःला वाचवायला वडिलांवर ढकलतोय, असाही झाला. मी सही केली. दिगूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खाली बघत राहिला.

का बोललो नाही? भीती वाटली. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, कोठडीत फरशीवर कसं बसायचं, हे आधी मनात आलं. लाजही वाटली. आत्ताच काठावर खरं बोलणारा म्हणून नाव झालं होतं, ते तासाभरात घालवायचं धाडस झालं नाही. दोन्ही कारणं क्षुल्लक आहेत.

वाळूवाल्याचं पुढे काही झालं नाही. इंजिन आपलं नाहीच म्हणाला. होडीवर त्याचं नाव नव्हतं. दोघं मजूर गाव सोडून गेले. त्या सगळ्या प्रकरणात ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा एकच माणूस उरला, ज्याचं नाव त्याच्या बापाने सांगितलं होतं तो. दिगू काही महिने आत राहिला. जामिनावर सुटून आला तेव्हा अर्धा झाला होता. घरात तो माझ्याशी बोलतो, म्हणजे जेवण झालं का, गोळी घेतली का, एवढं बोलतो. गावात दारं-खिडक्या करतो. होडी त्याने पुन्हा बांधली नाही. एकाने फारच गळ घातली तर त्याला म्हणाला, 'आमच्याकडं आता पैल्या फेरीला मानूस न्हाई.' मी ओट्यावरच होतो.

अंकुशची बायको अजून ऊसतोडीला जाते. ऊसतोडीत दोघांच्या जोडीला कोयता म्हणतात, एकट्याला काम मिळत नाही. नवरा गेल्यावर तिच्या जोडीला आता तिचा दीर आहे, असं कळलं. मी एकदा पाथर्डीकडे जाऊन तिला भेटायचं ठरवलं होतं. बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. 

शकुंतलाने मला यातलं कधी काही ऐकवलं नाही. गेल्या महिन्यात ज्वारी निवडता निवडता तिने विचारलं, 'त्या दिवशी मी बसले आसते तर तुमी काय केलं आसतं? मारलं आसतं मला?' मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, 'मंग मी का बसले न्हाई, त्येच मला कळंना झालंय.' आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली. तिने स्वतःच्या माथ्यावर एवढं घेतलेलं मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. ते पाहून मला माझी किळस आली.

आता दिवाळीनंतर खटल्यात माझी साक्ष आहे. सरकारी बाजूचा साक्षीदार म्हणून मला बोलावलंय, पोराचं काम ओळखलं त्याबद्दल. तिथे मी उरलेलंही सांगणार आहे. मुलाने होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी मला बोलावलं होतं, डब्याची शंका आहे असं सांगितलं होतं, मी रागाने गेलो नाही, बायकोलाही जाऊ दिलं नाही आणि चौकीत ते लपवलं. विचारलं नाही तरी सांगणार. इथे आधी लिहून ठेवतोय ते एवढ्यासाठी, की त्या दिवशी पुन्हा पाय मागे घ्यायला जागा राहू नये.

हे दिगूला सांगायला हवं होतं. परवा सकाळी तो अंगणात खिडकीची चौकट जोडत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि सगळं बोललो. त्याने डोळ्यावरची काच वर केली नाही. ऐकून घेतलं.

मग म्हणाला, 'वकिलाला मी कवाच इचारलंय, आण्णा. तुमी सांगितल्यानं माझं काय कमी व्हत न्हाई. होडी माझीच हुती, बोल्ट बी मीच मारलं. तुमाला हलकं वाटायचं आसंल तर बोला.'

मी म्हणालो, 'हलकं वाटायला नाही रे.'

'मंग कशाला?'

 त्याने पुन्हा वेल्डिंग पेटवलं. डोळे दिपायला लागले तरी मी तिथेच उभा होतो.